देवीला ठाऊक होता

कशेळी,
१२ ऑगस्ट २०२४

ती. कमळाआत्यास,
निशाचा शि. सा. न. वि. वि. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या मंगळवारी आमच्या भाविकच्या आजारपणातला नवस फेडायला आम्ही वज्रेश्वरीला आलो. तुझ्याकडे जेवायला बसलो होतो, त्याच वेळी इथे ह्यांच्या गोडाऊनचा माळा खाली आला. ह्यांना सुट्टी मिळावी म्हणून शेजारचे विपुलभाऊजी ह्यांच्या ड्युटीवर उभे राहिले होते. ते दुसऱ्या दिवशी सापडले. गेलेले.

आता जो येतो तो म्हणतो, "देवीनं राखलं तुम्हाला." सासूबाईंनी तर चाळीत पेढे वाटले, फक्त विपुलभाऊजींच्या दिपालीचं दार सोडून. मधली भिंत पत्र्याची आहे, आत्या. तिला सगळं ऐकू गेलं असणार. तीही त्याच देवीचे मंगळवार धरते. मग देवीनं माझी भक्ती धरली आणि तिची टाकली, असं समजायचं का? हे धड जेवत नाहीत. तिच्या दाराशी जायचा धीर मला होत नाही.

तुझी माया पाठीशी असू दे.
तुझी,
निशा

अकलोली,
१७ ऑगस्ट २०२४

चि. निशास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र हातात घेऊन ओट्यावर बसून राहिले. चूल पेटवायचं भान न्हाय राहिलं.

माझा ओमकार खाडीत गेला तेव्हा तू लहान होतीस. चांगली माणसं देवाला आवडतात, असं बायका मला समजवायच्या. वाटायचं, एकेकीला उंबऱ्याबाहेर काढावं. वर्षभर मी देवळाची पायरी चढले न्हाय. मग एक दिवस चढले. देवीचा बेत कळला म्हणून न्हाय, तो मला अजून कळला न्हाय. पण ज्या दुःखाला माणसांत जागा नव्हती, त्याला तिथं जागा होती.

तिनं तुम्हाला निवडलं असं मनात आणू नको. तसं म्हटलंस की विपुलला तिनं टाकलं, असं होतं. आमच्या देवीवर असा आळ घेऊ नको, पोरी. आणि दिपालीकडे जा. शहाणपण सांगू नको, भात घेऊन जा.

तुझ्या मनोजला जपून ऱ्हायला सांग. भाविकला पापा.
तुझी आत्या,
कमळा

कशेळी,
२५ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. तू सांगितलंस तशी भात नि डाळ घेऊन गेले. दिपालीनं ताट घेतलं, बाजूला ठेवलं. मग तिनं विचारलं, त्या दिवशी देवीपुढं माझ्या माणसाचं नाव घेतलं होतंस का?

खोटं सांगवेना. घेतलं होतं. आमच्यासाठी त्यांनी सुट्टी मोडली, म्हणून मी ओटी भरताना ह्यांनी मोठ्यानं म्हटलं होतं, विपुललाही सुखी ठेव. मी तसं सांगितलं. वाटलं, आता ही मला घराबाहेर काढील.

ती म्हणाली, "म्हणजे देवीला ठाऊक होता तो." एवढंच. रागानं म्हणाली की त्यात तिला काही आधार मिळाला, मला कळलं नाही, आत्या. अजून कळत नाही. पण मग तिनं ताट पुढ्यात ओढलं आणि चार घास खाल्ले.

काल हे स्वतः गेले. तिच्या दारात बसून रडले. तिनं ह्यांना आत बोलावलं.

देवळात गेलीस तर आमच्यासाठी काही मागू नको. दिपालीचं नाव घे. लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझी,
निशा