शाळेच्या हॉलमधली पूजा

जिल्हा कारागृह,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. अनुताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. मी बरा आहे म्हणजे काय, तर पहिल्याच दिवशी झोपायच्या जागेवरून एकाने तोंडावर लोटा हाणला. खालचा दात पडला. दुसऱ्या दिवशी मी त्याचा अंगठा उलटा वळवला, तेव्हापासून संडासाशेजारची जागा सुटली. आईला गावी यातलं काही कळवू नकोस. अंधेरीच्या ऑफिसने ट्रेनिंगला पाठवलंय म्हण.

आता कामाचं. वकील म्हणाला की धोंडिराम सरांच्या केसमध्ये तुझा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर होणार आहे. तू त्यांच्याच शाळेत शिकवतेस आणि तेव्हा हॉलच्या दारातच होतीस. त्यांना नारळ मी मारला, ते मी नाकारत नाही. पण आधी त्यांनी तेजलला ढकललं. सात महिन्यांच्या गरोदर बाईला, पूजेला बसलेलीला. आमचं बाळ गेलं ते त्या धक्क्याने. मी तशी उलट तक्रार दिलीय. मंडळाची पोरं साक्ष देणारच, पण तू बाई, शिक्षिका, तुझं वजन वेगळं. फक्त एवढंच सांग की सरांनी ढकललं. सर संविधान संविधान करतात, मग धर्माचं स्वातंत्र्य आम्हाला नाही का? एक पूजा घातली तर एवढं काय आभाळ कोसळलं यार?

तेजल मुलुंडला माहेरी आहे, माझा फोन घेत नाही. तिला समजाव.

तुझी माया पूर्वीसारखीच राहो, एवढंच मागणं.
तुझा,
निलेश


चारकोप,
२० फेब्रुवारी २०२५

चि. निलेश यास,
अ. उ. आ.

दात गेल्याचं वाचून जेवण गेलं नाही. मग वाटलं, सरांचा उजवा डोळा गेला त्या दिवशी मी घरी येऊन दोन घास खाल्ले होते. हे तुला टोचायला लिहीत नाही. माझं मलाच कळत नाही म्हणून लिहितेय.

त्या दिवसापासून मी स्वतःची उलटतपासणी घेते आहे. मी खरंच पाहिलं की नंतर जुळवलं? बहीण म्हणून पाहिलं की शाळेतली बाई म्हणून? रोज तेच दृश्य पुन्हा उभं करते, आणि रोज ते तसंच दिसतं. म्हणून जबाबाच्या आधी तुलाच सांगते.

मंडळाची सव्वीस जानेवारीची पूजा दरवर्षी रस्त्यावर असते. यंदा रस्ता काँक्रीटसाठी खणलेला, म्हणून मुख्याध्यापिकांनी हॉल दिला. इथपर्यंत सरही काही बोलले नाहीत. पण झेंडावंदन झाल्यावर तुमच्या मंडळाच्या सुयोगने माइकवरून सांगितलं की सगळे वर्ग कथेला बसवा, पाहुणे यायचेत, गर्दी दिसली पाहिजे. तेव्हा सर दारात आडवे हात लावून उभे राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले की सरकारी पैशाच्या शाळेत कुठल्याही मुलाला पूजेला बसवता येत नाही, ज्यांना यायचंय ते संध्याकाळी आईबापांबरोबर येतील आणि मीही शिरा खायला येईन. उद्या गोराईचे कुणी फादर इथे प्रार्थनासभा भरवायला लागले तरी मी असाच दारात उभा राहीन, असंही म्हणाले. कुणीतरी त्यांच्या जातीवरून घाण बोललं. सर हलले नाहीत.

तू पाटावरून उठलास. कलशावरचा नारळ उचललास आणि धावलास. निलेश, तुझ्या उपरण्याला तेजलच्या पदराची गाठ मारलेली होती. भटजींनी ती माझ्यासमोर मारली होती. तू गाठ न सोडता धावलास. ती बसलेली होती, तशीच ओढली गेली, आणि चौरंगाच्या कोपऱ्यावर पोटावर पडली. समई तिच्या हातावर लवंडली. सर तेव्हा दारात होते, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. पदर फाटला तेव्हा तू मोकळा झालास आणि मागे न बघता पुढे गेलास.

पुढचं तू पाहिलंयस, पण तुला आठवतं का ते मला माहीत नाही. पहिल्या घावात नारळ फुटला नाही. दुसऱ्यात फुटला, आणि पाणी आणि रक्त सरांच्या शर्टावर एकदमच आलं. ते खाली पडल्यावर तुमच्या मंडळाच्याच मिथुनने पूजेच्या घंटेने त्यांचा जबडा मोडला. बाकीचे लाथा घालत होते, नव्या चपला घालून. मी चौथीच्या मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तेवढंच केलं. तुझा हात धरायला पुढे झाले नाही. भाऊ म्हणून की भीतीने, ते अजून ठरवता आलेलं नाही. आणि मांडलेली पूजा अर्धी सोडायची नाही म्हणून व्हरांड्यात सर पडलेले असताना आत आरती झाली. तेजल तेव्हा भिंतीला टेकून पोट धरून बसली होती. सगळे म्हणाले, आरतीपुरतं थांब. थांबली.

सरांवर आता तुझ्या तक्रारीमुळे गुन्हा आहे, नोकरीतून निलंबन आहे. एका डोळ्याचा माणूस पोलीस ठाण्यात हजेरी लावतो. मी त्यांनी ढकललं असं सांगणार नाही. तू मला काय म्हणशील ते म्हण, पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

जपून राहा. कुणाचा अंगठा मोडू नकोस.
तुझी,
अनुताई


जिल्हा कारागृह,
३ मार्च २०२५

अनुपमाताईस,

नमस्कार लिहीत नाही. तुझं पत्र इथल्या साहेबांनी वाचून मग मला दिलं. तुला लाज कशी वाटली नाही गं? गाठबीठ काय, तू काय माझ्याजवळ बसली होतीस? मला काही ओढल्यासारखं जाणवलं नाही. जाणवलं असतं तर मी थांबलो नसतो का?

तू म्हणतेस तसं असेल तर माझं मूल मी मारलं. हे तुला समजतंय का, लिहिताना समजलं का? त्या माणसाने ढकललं नसेल तर मी इथून सुटून करायचं काय, जायचं कुठे? काल एकाने तुझं पत्र बराकीत मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचं डोकं मी नळावर आपटलं. पाच टाके. आता मला वेगळ्या खोलीत ठेवलंय.

सुयोगला निरोप गेलाय. तुझ्याशी तो बोलेल.

निलेश


चारकोप,
१६ मार्च २०२५

चि. निलेश यास,
अनेक आशीर्वाद. ते मागे घेता येत नाहीत, घ्यायचेही नाहीत.

सुयोग बोलला नाही. खणलेल्या रस्त्यावरचा पेव्हर ब्लॉक खिडकीतून आला. मी भाजी चिरत होते. काच डाव्या मनगटात शिरली, नस वाचली. खालच्या भिंतीवर माझ्याबद्दल जे लिहिलंय ते शेजाऱ्यांनी पुसलं नाही, मीच उजव्या हाताने पुसलं.

मी घाबरले होते हे लपवत नाही. बुधवारी सकाळी बोरिवलीच्या कोर्टात जायला निघाले तेव्हा परत फिरायचं निमित्त शोधत होते. पायऱ्यांवर तेजल उभी होती. भाजलेल्या हाताला अजून पट्टी. एकटी आली होती, मुलुंडच्या घरी कुणाला न सांगता. मी तिला बोलावलं नव्हतं रे. तिला स्वतःचा जबाब द्यायचा होता. मी म्हटलं, बस, पाणी पी. ती बसली नाही. आत शिरण्याआधी एकच वाक्य बोलली, तेच आत सांगितलं असेल:

“मला कुणी ढकललं नाही ताई, मला ओढलं.”

नंतर बाहेर येऊन म्हणाली की तिने तुला दोनदा हाक मारली होती. हॉलमध्ये जयजयकार चालला होता.

मीही पाहिलं तेवढंच सांगितलं. नारळाचंही सांगितलं, मिथुनचंही, आणि मी भिंतीशी उभी होते हेही. तू मोठ्या शिक्षेत अडकशील, वकील म्हणतात. आईला मी खरं कळवलं. ती माझा फोन घेत नाही.

तुझ्यावर रागावता येतं, पण तुला सोडता येत नाही. दर महिन्याला भेटीला येईन. तू आलास जाळीपाशी तर आलास.

तुझी,
अनुताई


जिल्हा कारागृह,
२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न.

तू गेल्या आठवड्यात भेटीला आलीस तेव्हा मी आजारी नव्हतो. मीच तसं सांगायला लावलं होतं.

वकिलाला लिहून दिलंय की सरांनी ढकललं हे खोटं आहे, ती तक्रार मागे घ्यायची. तो भडकला. म्हणाला, वाट लावून घेतोयस. बाकीच्या केसचं मी काही लिहिलेलं नाही. सरांची माफी मागायची तर कुठल्या तोंडाने, ते सुचत नाही, म्हणून मागितलेली नाही.

हाका मला ऐकू आल्या होत्या का, ते मी खूप आठवून पाहिलं. एक आली असावी.

ताई, तेजल बोलली तर तिला एक विचार. हॉस्पिटलमधून पोलिसांनी मला उचललं तेव्हा बाळ गेलं एवढंच कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला फक्त कुणी मारलं, कुणी मारलं, हेच सांगत बसलो. मुलगा होता की मुलगी, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

कळव. लोभ मागायचा हक्क राहिलेला नाही, तरी मागतो.

तुझा,
निलेश