सहा मोदक आणि श्वासातलं इन्शुलिन

मंगफ, कुवेत
२५ ऑक्टोबर २००७

तीर्थस्वरूप राजाभाऊंना धाकट्या चुलतभावाचा, सलीलचा, साष्टांग नमस्कार. तुमची साखर, वहिनींचे गुडघे आणि नाशिकची हवा ठीक असेलच. आम्हीही बरे आहोत. (बरे म्हणजे कितपत, ते पुढे येईल.)

उन्हाळ्यात फोनवर मी तुमची थट्टा केली होती, की बारा वर्षं पोटात सुया काय खुपसून घेताय! माझं इन्शुलिन म्हणजे कोरडी पूड, ऑफिसातल्या हुसेनने अमेरिकेहून आणलेली. टॉर्चएवढं यंत्र, त्यात पुडी सरकवायची, खटका दाबला की आत धुरळा उठतो, तो छातीभर ओढून श्वास रोखायचा. औषध फुप्फुसातून थेट रक्तात. (गिळलं तर डाळीसारखं पचून जातं, म्हणून हा आडमार्ग.) कॅन्टीनमध्ये लोकांना वाटायचं, साहेब जेवणाआधी शीशा, म्हणजे इथला हुक्का, ओढतात.

आता शुऐबाच्या कारखान्यात वीस वर्षं माझं काम एकच, प्लास्टिकची पूड कोरडी ठेवणं. कुणी पोतं उघडं टाकलं तर मी आकाशपाताळ एक करतो. पण इन्शुलिन म्हटलं की फ्रिज, हे आपल्या घराण्याचं व्रत. काकूंची बाटली लोण्याशेजारीच असायची ना? मीही वेष्टण फाडून पुड्या तिथेच रचल्या. 'फ्रिजमध्ये ठेवू नये' असं डब्यावर छापलं होतं, पण छापलेलं वाचायचं हाताखालच्यांनी! इथली सप्टेंबरची दमट हवा, गार पुड्यांना बाहेर काढलं की घाम फुटायचा. आत गुठळ्या झाल्या.

गणपतीला इथल्याच सलवा भागात मुक्ताताईंकडे गेलो. आरती झाल्यावर सगळ्यांदेखत ऐटीत यंत्र ओढलं. धुरळा दिसेना, तरी ओढलं, आणि त्या भरवशावर सहा उकडीचे मोदक हाणले, वर तूप. थोड्या वेळाने घशाला कोरड आणि डोळ्यांपुढे दोन गणपती. साखर निघाली चारशे ऐंशी. तुमची भावजय लीना रडली, डॉक्टर सुगरा रागावल्या. मी मात्र शांत होतो, असं लिहायला हरकत नाही.

वहिनींना नमस्कार. पत्र आदित्यच्या हाती देतोय, तो उद्या नाशिकला निघालाय.

तुमचा शहाणा भाऊ,
सलील

ता. क. ते औषध बनवणं कंपनीने गेल्या आठवड्यात बंद केलं. खप नव्हता म्हणे. माझ्याकडे नव्या डब्यातल्या नऊ पुड्या उरल्यात, कपाटात, कोरड्या.

ता. क. २. नऊ म्हणजे तीन दिवस. सोमवारी सकाळी पहिली सुई. लीना टोचायला तयार आहे, पण सुई पाहिली की तीच डोळे मिटून घेते, तेव्हा मीच टोचणार. राजाभाऊ, मला फार भीती वाटते हो. थट्टा मागे घेतो. इथल्या सातला फोन करा, आणि मी टोचून होईपर्यंत ठेवू नका.