पोलिसाच्या माडीवरचं वाळवण

साल्तो,
ता. ४ मार्च

चि. दार्दो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोचले. चेलाने बांधून दिलेली मांसाची पोळी वाटेतच संपली, अर्धी शेजारच्या सीटवरच्या बाईने खाल्ली. कुशल एवढंच. आता खरं लिहिते. तुमच्याकडे होते तेव्हा बोलले नाही, कारण मला ऐकू यायचं तर तुला ओरडावं लागतं, आणि तुझ्या परसात ओरडून बोलण्यासारखा तो विषय नाही.

टोमॅटोच्या मागे भिंतीशी जी तीन झाडं उभी आहेत, ती मिरचीची नाहीत. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला तू मिरची म्हणून गांजा दाखवतोस? कान गेले असतील, नाक शाबूत आहे. कपडे वाळत घालायला गेले तर तो वास माझ्या पोलक्याला लागला. इथे आल्यावर धुतलं तरी गेला नाही.

मला झाडांची लाज वाटत नाही. आमच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरनेही लावलीत आणि येताजाता सगळ्यांना सांगतो. कायद्याने घरात सहा झाडं चालतात. पण आधी टपाल कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं, मग लावायची. नाव नसेल तर तो गुन्हाच. तू नोंदवलंस का? चेलाला हळूच विचारलं तर ती ताटं पुसायला लागली. ताटं आधीच पुसलेली होती.

उलट टपाली कळव. तुझ्यावर जीव आहे तो आहेच, म्हणून तर झोप उडाली.

तुझी,
निबियाताई


दुरास्नो,
ता. १३ मार्च

ती. निबियाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मिरचीबद्दल माफ कर. तुला फसवणं मला लहानपणीही जमलं नाही.

चेलाच्या पाठीवर नागीण उठली होती ते तुला माहीत आहे. फोड गेले, पण आग राहिली. साधा सदरा घासला तरी तिचे डोळे भरतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी येते आणि रात्री जाग ती जागच. मिल्टन, माझ्याबरोबर छापखान्यात होता तो, त्याने घरी केलेलं तेल आणून दिलं. तिला थोडं बरं वाटलं. मग त्यानेच काडेपेटीतून तीन बिया दिल्या. टोमॅटो मी डोळे मिटून लावतो, पण या झाडाचे लाड पुरवता पुरवता जीव जातो. पाणी जास्त झालं तरी रुसतं, कमी झालं तरी रुसतं.

आता तुरे भरलेत. पुस्तकबांधणीच्या दिवसातलं भिंग घेऊन रोज बघतो. तुऱ्यावर चिकाचे बारीक थेंब असतात, ते अजून दुधी आहेत. मधाच्या रंगाचे व्हायला लागले की कापायचं, असं मिल्टन सांगतो.

नावाचं विचारतेस. नोंदवलं नाही आणि नोंदवणार नाही. छापखान्यातल्या कामगार संघटनेच्या वर्गणीदारांच्या यादीत माझं नाव होतं, एवढाच माझा अपराध. लष्कराचं राज्य आलं, ती यादी त्यांच्या हाती पडली आणि माझी सात वर्षं तुरुंगात गेली. आताचं सरकार चांगलं आहे, मीच मत दिलंय. पण सरकार बदलतं आणि कागद कपाटात राहतो.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. शेजारचं माडीचं घर जानेवारीत भाड्याने गेलं. भाडेकरू बारिओस पोलिसात आहे. त्याची सासू माडीच्या गच्चीत बसून नळीने माते, तो आपला कडू पाल्याचा काढा, पिते, आणि तिथून आमचं परस तळहातासारखं दिसतं. काल मला हात करून म्हणाली की तुमचे टोमॅटो फार उंच वाढलेत. मी म्हटलं, खत चांगलं आहे.

चेलाचा नमस्कार. रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
दार्दो


साल्तो,
ता. २० मार्च

चि. दार्दो यास,
आशीर्वाद. वि. वि.

खत चांगलं आहे म्हणे! अरे, त्या बाईचा जावई पोलीस आहे, माळी नाही.

तुझ्या यादीबद्दल आता माझंही ऐक. तुला घेऊन गेले तेव्हा तू कुठे आहेस हे कुणी सांगेना. मी एका बराकीच्या दारातून दुसऱ्या बराकीच्या दारात फिरत होते. शिपाई यादी काढायचा, बोट खाली खाली न्यायचा आणि मान हलवायचा. एके दिवशी बोट थांबलं. मी रस्त्यात बसून रडले, आनंदाने. यादीत आहेस म्हणजे जिवंत आहेस. मग दर पंधरवड्याला पुडकं घेऊन येत राहिले. साबण आणला तर शिपाई सुरीने त्याचे तुकडे करायचा, मोजे उलटे करून बघायचा. तू आत होतास, तुला ते दिसलं नाही.

तेव्हा माझे पाय धड होते. आता गुडघे गेलेत. आता पुन्हा कुठल्या दारात पुडकं घेऊन मी उभी राहणार नाही, आणि चेलाने ते दुखणं पाठीवर घेऊन उभं राहावं असं तुला वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही. नाव नोंदव, नाहीतर उपट. दोन्ही जमत नसेल तर मी बसमध्ये बसते आणि येऊन उपटते.

सध्या आशीर्वादाखेरीज काही पाठवत नाही.

निबियाताई


दुरास्नो,
ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचं उत्तर मला लिहिता येत नाही. तीनदा बसलो. म्हणून फक्त घडलं ते लिहितो.

पाऊस थांबायला तयार नाही. पाऊस म्हटला की पिठाच्या पुऱ्या हव्यातच, म्हणून आकाश बघून चेला रोज तोर्ता तळते, त्यामुळे पीठ संपलं. मी झाडांवर मेणकापड बांधलं होतं, पण दमट हवेपुढे मेणकापड काय करणार! परवा मोठ्या झाडाचा शेंड्याचा तुरा हातात घेतला तर आतून करडा. दाबला तर राखेसारखा भुसभुशीत. मिल्टनला बोलावलं. त्याने बघितलं आणि म्हणाला की हे झाड गेलं, बाकीची दोन वाचवायची तर आजच काप, थेंबांच्या रंगाची वाट बघू नकोस.

पावसातच कापली. रोगट झाड परसात पुरलं. बाकीच्या फांद्या स्वयंपाकघरात आणल्या, खिडक्यांना चादरी लावल्या आणि आम्ही तिघं छाटायला बसलो. मोठी पानं हाताने निघतात. तुऱ्यातून डोकावणारी बारीक पानं कात्रीने एकेक कापावी लागतात, आणि तुरा दाबला जाता कामा नये. चेलाची भरतकामाची कात्री चिकाने मिटेनाशी झाली. बोटं काळी झाली, साबणाला दाद देईनात, शेवटी खायच्या तेलाने सुटली. चेला म्हणाली की चाळीस वर्षांच्या संसारात मी स्वयंपाकघरात एवढा वेळ कधी बसलो नव्हतो. मिल्टन खूप हसला. मी मात्र दाराकडे कान लावून होतो.

आता फांद्या मागच्या खोलीत तारेवर उलट्या टांगल्यात. काळोख हवा आणि हवा खेळती हवी, पण खिडकी उघडली की वास थेट बारिओसच्या गच्चीत. बंद ठेवली की बुरशीची भीती. दिवसातून कितीदा उघडतो आणि कितीदा लावतो ते विचारू नकोस. फांदी वाकवून बघतो. वाकली तर ओली, कट्कन मोडली तर वाळली. अजून वाकतात.

यी नदी चढते आहे. खालच्या गल्लीत पाणी आलंय म्हणतात. आपल्याकडे येईपर्यंत ओसरेल.

माया आटू देऊ नकोस.

दार्दो


दुरास्नो, क्रीडागृह,
ता. १५ एप्रिल

ती. निबियावन्सं यांना,
चेलाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप आहोत, हे पहिल्यांदा. रेडिओवर ऐकून घाबरला असाल. आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि आम्हाला इथे आणलंय. गादी आहे, गरम जेवण आहे. पाठीचं विचारू नका.

दार्दो तुम्हाला सगळं लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. रविवारी सकाळी बारिओस गणवेशात दारोदार सांगत आले की घरं रिकामी करा, लष्कराचा ट्रक कोपऱ्यावर उभा आहे. ज्यांना सामान उंचावर ठेवायचं असेल त्यांनी त्यांच्या माडीवर आणावं. मी दारात बोलले. आत वळून बघते तर हे न्हाणीघरात भिंतीकडे तोंड करून उभे. पाय फाकलेले, हात मानेमागे. कुणी सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यावर सुरुवातीला कधी बाहेर गाडी थांबली की असे उभे राहायचे. मला वाटलं होतं ते गेलं.

मी त्यांना हाक मारली नाही. मागच्या खोलीत गेले, फांद्या उतरवल्या, दोन चादरींत सैल गुंडाळल्या आणि भिंतीवरून बारिओसच्या बायकोला, सुल्माला दिल्या. तिला खरं तेच सांगितलं. माझ्या पाठीचं औषध आहे, दाबायचं नाही, भिजवायचं नाही, आणि सरकारात नोंद नाही. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की उलटं टांगायचं की सुलटं.

मग ट्रकचं. हे म्हणाले की लष्कराच्या ट्रकमध्ये मी पाय ठेवणार नाही, तू जा. तुम्हाला ते सांगतील की वाळवणासाठी थांबलो होतो. तसं नव्हतं. मी म्हटलं, मग मीही नाही जात. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. पाणी उंबऱ्यावरून आत आलं, खुर्चीखाली आलं. हे माझ्या बुटांकडे बघत होते. मी खूप घाबरले होते, वन्सं, पण उठले नाही. पाणी बुटांत गेलं तेव्हा यांनी माझा हात धरून मला उठवलं आणि आम्ही ट्रकपर्यंत गेलो. एका शिपाई मुलीने आपला कोट यांना दिला. यांनी तो अंगावर घेतला नाही, मांडीवर धरून बसले. वाटेत मी फांद्यांचं सांगितलं. तेव्हापासून धड बोलत नाहीत.

इथे सकाळी पाव वाटताना नावं वाचतात. दार्दो फेरेइरा म्हटलं की हे हजर म्हणत नाहीत. मी दोघांचं सांगते. दाराकडे तोंड करून बसतात, बारिओस कधी येऊन उभा राहतो याची वाट बघत. तुम्ही त्यांना लिहा. नावाबद्दल नको, दुसरं काहीही लिहा.

आपली माया आम्हाला इथे उबेला पुरते आहे.

आपली,
चेला


साल्तो,
ता. १९ एप्रिल

चि. दार्दो यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

आमच्या मांजरीला चार पिल्लं झाली. एक अगदी तुझ्यासारखं आहे, सगळ्यांच्या पाठीवर पाय देऊन आधी दूध पितं. सोबत लोकरीचे मोजे पाठवते. बसवाल्याने ते उलटे करून बघितले नाहीत, पावती दिली आणि मोज्यांना शुभ प्रवास म्हणाला. मीच थोडा वेळ तिथे उभी राहिले.

पाय कोरडे ठेव. चेलाला जप.

ताई


दुरास्नो,
ता. ३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी आलो. पाणी खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलं होतं. चिखल उपसून झालाय, भिंती अजून घाम गाळतात. तुझे मोजे घालूनच लिहितो आहे.

वाळवण परत आणायला चेला निघाली होती. मी म्हटलं, मी जातो. का म्हटलं, देव जाणे. त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. पुन्हा गेलो. ताई, आजवर पोलिसांनी माझं दार वाजवलं होतं, मी पोलिसाचं दार कधी वाजवलं नव्हतं. हात वर केला आणि तसाच राहिला. तेवढ्यात त्यानेच दार उघडलं, चिखलाचं घमेलं बाहेर टाकायला. अंगात बनियन, पायात एकच चप्पल. मला बघून म्हणाला की बरं झालं आलात, आधी हे घमेलं धरा.

मग माडीवर गेलो. सासूबाईंच्या खोलीत पडद्याच्या दांडीला माझ्या फांद्या एका ओळीत टांगलेल्या, मध्ये हात जाईल एवढी जागा सोडून. खाली पंखा, पण भिंतीकडे तोंड केलेला, म्हणजे वारा थेट लागायला नको. म्हातारीने विचारलं की टोमॅटो न्यायला आलात का. एक काडी मोडून दाखवली. कट्कन मोडली. मला हसू आलं, आणि मग काय झालं कळेना, तिच्या पलंगावर बसून राहिलो. तिने माते पुढे केला. बारिओस जिन्यातच उभा होता. म्हणाला की ठाण्यातले साहेब कॉफीला आले होते, त्यांनी वासाबद्दल विचारलं तर सासूच्या संधिवाताचा पाला म्हणून सांगितलं. यंदा पूर होता, पुरात कोण काय बघतो. पण पुढच्या वर्षी मला दिसेल, आणि नोंद नसलेलं दिसलं की मला ठाण्यात लिहून द्यावं लागेल. आवाज न चढवता सांगितलं. मी मान डोलावली.

बरण्या भरल्या. मिल्टनने तेल करून दिलं. चेलाची आग गेली नाही, पण परवा ती कुशीवर वळून झोपली. किती महिन्यांनी!

काल ती म्हणाली की नाव मी नोंदवते, तुम्ही चला नुसते सोबत. टपाल कचेरीपर्यंत गेलो. मी बाहेर थांबलो. काचेतून ती खिडकीपाशी दिसत होती. कारकून मुलगी काहीतरी विचारत होती आणि चेला आपलं आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगत होती, तिचे ओठ मला दिसत होते. तिचं नाव कुणीतरी लिहून घेतंय आणि मी बाहेर उभा आहे, हे मला बघवलं नाही. आत गेलो. म्हटलं, तिचं नको, माझं लिहा. आवाज इतका मोठा निघाला की सगळी रांग वळून बघायला लागली. चेला बाजूला सरकली. मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला, ठशाच्या यंत्रावर अंगठा टेकवला. ठसा नीट उमटेना, मुलीने दोनदा टेकवायला लावला.

तिने झाडं किती ते विचारलं. म्हटलं तीन, त्यातलं एक बुरशीने गेलं. ती म्हणाली की ते झालं गेलं, पुढे किती लावणार ते सांगा. मी चेलाकडे बघितलं. ती म्हणाली, चार.

कागद ओलसर लागला तर घाबरू नकोस, घरात सगळंच अजून वाळतंय. लोभ आहे तो राहू दे, आणि गुडघे बरे असतील तेव्हा ये.

तुझा,
दार्दो