अकीलच्या हातातली बंदूक

नांदेड

प्रिय धम्मा,

जयभीम.

परवा तुझा फोन नेटवर्कमुळं तुटला नाही, मी ठेवला. तू विचारलंस, "बाबा, तुमचं एक वाक्य मोठं की रबाबचा जीव मोठा?" आणि ज्या माणसानं उभी हयात माईकसमोर काढली, त्यानं लाल बटण दाबलं. तुझ्या आईनं माझ्याकडं पाहिलं, टीव्ही बंद केला आणि आत निघून गेली. ते उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय, आणि पहिल्यापासून लिहितोय. अकील आपल्या घरी आला तेव्हा तू चौथीत होतीस. तुला जो अकील आठवतो त्यातला किती खरा आणि किती माझ्या भाषणांतला, हे आता तुलाही सांगता यायचं नाही. मला तरी कुठं येतं?

बसऱ्याचा पोरगा, इंग्रजीत एम.ए. करायला नांदेडात आलेला. माझ्याच वर्गात बसायचा. वसतिगृहातलं तिखट त्याला सोसेना म्हणून मी त्याला आपल्या माडीवरची खोली दिली. तो बॅग घेऊन दारात उभा राहिला तेव्हा तुझ्या आज्जीनं त्याची दाढी बघून मला आतूनच विचारलं, "नागसेन, रझाकार आणलास व्हय रं घरात?" तिनं लहानपणी भोकरकडं रझाकार पाहिले होते, ज्वारीच्या रानात लपून. पोलीस ॲक्शननंतर त्याच गावात मुसलमान पिंजाऱ्याच्या घराचं काय झालं तेही तिनं पाहिलं होतं, पण ते ती कधी सांगायची नाही. अकीलला एक अक्षर कळलं नाही. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली. महिना झाला नसेल, तोवर हीच तुझी आज्जी सरजाबाई त्याच्या ताटात भाकरी कुस्करून वर दूध ओतत होती आणि म्हणत होती, "खा रं लेकरा, तुझ्या तिकडं कोण देणार हाय तुला हे." मराठीतला पहिला शब्द त्यानं तिच्याकडूनच उचलला. अगं माय! तव्याचा चटका बसला, अगं माय. सायकलवरून पडला, अगं माय. चांगला निकाल लागला तरी अगं माय. तू त्याला बाराखडी गिरवायला लावायचीस आणि चुकला की कान धरायला सांगायचीस. तो धरायचा.

मग तिकडं युद्ध सुरू झालं. त्याला वडील नव्हते. आई आणि धाकटी बहीण रबाब, दोघीच. मी म्हणालो, परीक्षा देऊन जा. तो म्हणाला, "सर, घरात पुरुष नाही." तेवढंच बोलला आणि गेला. काही महिने ई-मेल आले, मग विरळ झाले, मग थांबले. आणि एक दिवस पुण्यात शिकणाऱ्या त्याच्या मित्राचा फोन आला. अकीलला त्याच्या घराच्या दारातच गोळ्या घातल्या. कुणी, कशासाठी, त्या पोराला माहीत नव्हतं आणि मीही खोदून विचारलं नाही. शहरात परक्यांची फौज होती. मला वाटलं, विचारायचं काय त्यात?

आज्जीनं जलदान विधीचा हट्ट धरला. मी म्हणालो, आई, तो मुसलमान होता. ती म्हणाली, "त्याची माय तिकडं तिचं करल. माझ्या घरचं पोरगं गेलंय, मी पाणी देणार." विहारात गॅदरिंगमधला त्याचा फोटो ठेवला, भंतेजी आले, सगळ्यांनी पांढरे कपडे घालून त्रिसरण-पंचशील घेतलं. प्राणिहत्येपासून दूर राहीन म्हणालो आणि लगेच भाषणं सुरू झाली. आपल्यात माणूस भाषणांशिवाय जात नाही, तुला माहीत आहे. तुझी आई म्हणते, "मेलेल्यापरीस माईकच जास्त दमतो." पहिले उठले भोकरचे भुजंगकाका. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका जाळला होता, आणि भुजंगकाकांना दुसरी उपमा कधी सुचलीच नाही. म्हणाले, "आमच्या बापानं नाका जाळला. ह्या पोरानंबी तिकडं तसलंच काही केलं असंल. मर्द गडी होता." मग आपले श्रीमंत मास्तर उठले आणि अकीलच्या हातात बंदूक आली. त्यांच्यानंतरच्यानं त्याला एका पुलावर उभं केलं, समोरून रणगाडे आणले. माझी पाळी शेवटी आली तोवर बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. खोटं कुणीच बोललं नाही, धम्मा. आपल्या पोराबद्दल लोकांनी जे म्हणावं असं वाटतं, ते ज्यानं त्यानं अकीलला देऊन टाकलं. मी फक्त त्याला आवाज दिला. भंतेजी तेवढे खाली मान घालून बसले होते.

त्या भाषणानं मला मोठं केलं. लातूर, हिमायतनगर, शिरूर अनंतपाळ, जिथं जाईन तिथं लोक तेच मागायचे. सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, आपण झेंडा लावतो तो कुणासाठी, मी विचारायचो. ज्यांनी नाके जाळले, सरहद्दीवरच्या कॅम्पांत बंदूक चालवायला शिकले, त्यांच्यासाठी. त्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो, शाळेतल्या पोरांना त्यांच्या पाया पडायला लावतो. मग बसऱ्याचा पोरगा आपल्या गल्लीत शिरलेल्या फौजेवर बंदूक रोखतो तेव्हा शब्द का बदलतो? गोऱ्या माणसानं आपल्या देशासाठी शस्त्र उचललं की तिकडची वर्तमानपत्रं त्याचा देश विचारतात. मुसलमानानं उचललं की त्याचा धर्म विचारतात. कुराण उघडून बसतात, जणू रणगाड्याखाली घर गेलेल्या माणसाला चीड यायला आयत लागते! हे मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो. यातलं एक अक्षर माझ्या मनानं मागं घेतलेलं नाही, हे पुढचं वाचताना लक्षात ठेव. दर वेळी शेवटी अकील यायचा, पुलावर, बंदूक घेऊन. टाळ्या तिथं पडायच्या.

आणि मग गेल्या वर्षी लीड्सच्या तुझ्या वॉर्डात मार्टिन आला. पायाची जुनी जखम पुन्हा चिघळलेला माजी ब्रिटिश सैनिक. तू ड्रेसिंग सोडवत होतीस आणि तो ओरडला, "अगं माय!" गोऱ्या माणसाच्या तोंडून, थेट सरजाबाईच्या हेलात. तुझ्या हातातला चिमटा खाली पडला म्हणालीस. कुठं शिकलास विचारलंस तर म्हणाला, बसऱ्यात, आमच्या दुभाष्याकडून. तो भारतात शिकून आला होता, रस्त्यावर काही फुटलं की हेच ओरडायचा. मग त्यानं जुना फोटो दाखवला. फौजेच्या गाडीला टेकून अकील उभा, हातात पाण्याची बाटली.

नांदेडात पक्क्या केलेल्या इंग्रजीवर त्यानं आई आणि बहीण जगवली. आणि मार्टिननं सांगितलं, त्याला मारलं ते फौजेनं नाही. फौजेसाठी बोलतो म्हणून त्याच्याच शहरातल्या बंदूकधाऱ्यांनी मारलं. मी अकीलच्या हातात दिलेली बंदूक खरं तर त्याला मारणाऱ्याच्या हातात होती. इतकी वर्षं फोटो अकीलचा होता आणि गौरव मारेकऱ्याचा. तू म्हणशील, मग बाबा, तुमचं सगळं म्हणणं खोटं ठरलं. नाही ठरलं. परकी फौज दारात आली नसती तर इंग्रजी येणं हा त्या गावात मरणाचा गुन्हा झाला नसता. पण ज्यांनी बंदुका उचलल्या त्यांनी टिपलं कुणाला, तर दूधभाकरी खाणाऱ्या एका पोराला, आणि टिपताना त्यांच्या तोंडी तेच शब्द असणार जे मी मंचावर वापरतो. दोन्ही खरं आहे. सभेत दोन्ही एका श्वासात म्हणता येत नाही. मी करून पाहिलं.

त्या सभेबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही. लातूरलाच होती, गेल्या महिन्यात. मी वाक्य संपवलं की क्षणभरानं खांद्यामागून तेच वाक्य कुणीतरी सपाट आवाजात दुसऱ्या भाषेत म्हणायचं. स्वतःचं काही न घालता, काही न गाळता. मी थांबलो की तेही थांबायचं. पूर्वी अकीलला भाषणात मी आणायचो, आता तो आपला येऊन उभा राहतो. लोकांना वाटलं सर दमले. भुजंगकाका पाणी घेऊन वर आले, "लई वेळ उभं राहून राहिलात, सर, बसा जरा." मी मागं वळून पाहिलं नाही. मागं भिंत असती तरी मला भीती वाटली असती, आणि तो असता तरी.

रबाबचं तू नंतर सांगितलंस. ती तू राहतेस त्याच देशात येऊन पोचलेली, भावापायी आलेल्या धमक्या अजून थांबल्या नाहीत म्हणून आश्रय मागतेय. मार्टिननं तिला शोधलं, तिच्यासाठी लेखी साक्ष दिली. आणि तिथल्या अधिकाऱ्यानं तिच्यासमोर लातूरच्या व्याख्यानमालेतला माझा जुना व्हिडिओ लावला, आपल्याच पोरांनी कौतुकानं खाली इंग्रजी ओळी घातलेला. त्याला नाव दिलंय "बसऱ्याचा शहीद". अकीलचं नाव शोधलं की पहिलं तेच येतं म्हणे. बघ कसं असतं. त्यांचाच सैनिक शपथेवर सांगतोय की हा आमच्यासोबत होता, आणि त्यांचा विश्वास बसतो तो नांदेडच्या कुठल्यातरी मास्तरावर, कारण मास्तर म्हणतोय की मुसलमानाच्या हातात बंदूक होती. ज्या नजरेविरुद्ध मी जन्मभर घसा कोरडा केला, त्या नजरेला हवा तो पुरावा माझ्याच तोंडचा निघाला. ती पोरगी म्हणे व्हिडिओ संपेपर्यंत पडद्याकडं बघत राहिली. भाषा कळत नव्हती, पण भावाचा हा फोटो तिनं कधी पाहिलेला नव्हता, तो गॅदरिंगमधला, हसरा.

व्हिडिओ मी काढायला लावला. पोरं चिडली, तरी लावला. रबाबच्या वकीलबाईंनी माझ्या सहीसाठी पाठवलेल्या शपथपत्रातला पहिला भागही मला कबूल होता. अकीलनं शस्त्र धरल्याचं मला स्वतःला माहीत नव्हतं, ती समजूत जलदान विधीतल्या भाषणांतून झाली, हे मी दहा वेळा लिहून देईन. पण वकीलबाईंनी शेवटी एक वाक्य घातलं होतं. परकीय फौजेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांचं समर्थन करणं ही माझी चूक होती आणि अशा प्रत्येक कृत्याचा मी निषेध करतो. ते मी खोडलं. तू फोन करून सांगितलंस की ते खोडलं तर साक्षीदारच अतिरेक्यांचा भक्त ठरेल, त्याच्या बाकीच्या शब्दालाही किंमत राहणार नाही, आणि रबाबला परत पाठवतील, त्याच गल्लीत. मी म्हणालो, मग भुजंगकाकांच्या बापाचाही निषेध करू का? तेव्हा तू तो प्रश्न विचारलास.

काल श्रीमंत मास्तर येऊन बसले. "सही करू नका, सर. उद्या हाच कागद गावभर नाचवतील. मुसलमानांच्या बाजूनं बोलणारा एक होता, तोबी शेवटी नाक घासून गेला म्हणतील." खोटं नाही ते. इथं नुसत्या दाढीकडं बघून लोक बसमध्ये जागा बदलतात, तुला मी काय सांगू. माझ्या सभेला जी पोरं मागच्या रांगेत येऊन बसतात, त्यांच्याकडं दुसरं काही नाही, एवढंच की एक म्हातारा मास्तर त्यांच्या बाजूनं उघड बोलतो. सही केली की तेही जाईल.

आज सकाळी तुझी आई मेथी निवडताना मान वर न करता म्हणाली, "त्या लेकरानं बहिणीसाठी वर्षानुवर्षं दुसऱ्याची वाक्यं तोंडात धरली. तुम्हाला एक धरवंना?" मी तडकून म्हणालो, ते वाक्य मला पटत नाही. तर म्हणाली, "त्याला काय सगळी पटत होती व्हय?"

धम्मा, अकील माडीवर माझ्याशी तासन् तास भांडायचा. परक्या फौजांबद्दल तो माझ्याहून जहाल बोलायचा, मीच त्याला आवरायचो. आणि तोच पुढं आपल्या शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून त्यांच्याच भाषेत म्हणाला असेल, दार उघडा, हात वर करा, यांना घराची झडती घ्यायची आहे. ओळखीच्या बायकांनी त्याच्याकडं कसं पाहिलं असेल? त्याची स्वतःची वाक्यं तेव्हा कुठं होती? मी त्याला पुलावर उभा केला तो सोपा अकील होता. हा मला झेपत नाही. मी उठलो, चपला घातल्या आणि कोर्टाकडं गेलो. नोटरीनं सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. खोडलेलं वाक्य त्याआधी बाहेर पुन्हा टाईप करून घेतलं होतं. मी तेही वाचलं, कुठं जोर न देता, आणि खाली सही केली.

तो कागद आज वकीलबाईंकडं निघाला. हे पत्र वेगळ्या पाकिटातून तुझ्या घरी येईल. त्या कागदावरचा नागसेन रबाबसाठी आहे. यापुढं इथं आणि तिथं तोच खरा धरला जाईल, आणि तिचा निकाल लागेपर्यंत मी तोंड उघडून त्याला खोटं पाडणार नाही. सतरा सप्टेंबरच्या व्याख्यानाला येत नाही असं लातूरला कळवलं आहे. पण माझी स्वतःची वाक्यं निदान एका माणसानं एकदा वाचलेली असावीत, एवढ्यासाठी हे लिहिलं. वाचून झालं की फाड आणि तुकडे जाळून टाक. रबाबला सांगू नकोस, मार्टिनलाही नाही. माझ्याकडं निदान तू आहेस. अकीलनं आपली वाक्यं कुणापाशी ठेवली होती, हे मार्टिनला विचारावंसं तुला वाटेल. विचारू नकोस. त्याला माहीत नसणार.

तुझाच,
बाबा