मंडळाचे ठोक्यांचे घड्याळ

धरमपेठ, नागपूर
ता. २० जानेवारी १९६७

ती. प्रयागताईस,
धाकट्या मनोहरचा शि. सा. न. वि. वि.

खाप्याहून पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. आमच्या बंधुमंडळाचे मात्र बरे नाही. सहा वर्षे मी खजिनदार आहे. वर्गणी चहालाच जाते. खोलीचे पंधरा रुपये भाडे निघायचे ते शनिवारच्या सभेला उशिरा येणाऱ्यांच्या चार-चार आणे दंडातून. वीस सभासदांत वेळेवर एकटे नानाजी, त्यामुळे छान चालले होते. शिल्लक साचली म्हणून दिवाळीत ठोक्यांचे घड्याळ घेतले. आता साडेपाचचा ठोका गल्लीभर ऐकू जातो आणि सहाच्या आत सारे हजर. दंड बंद. तीन महिन्यांचे भाडे थकले. घरमालक म्हणतो, होळीपर्यंत द्या, नाहीतर खोली सोडा.

वर्गणी वाढवू म्हटले, तर नानाजी म्हणाले की काहून वाढवता गा, आता कुठं मंडळाले शिस्त लागून राहिली. ताई, सुभद्रा गेल्यापासून घर खायला उठते. शनिवार आहे म्हणून आठवडा ढकलतो. मंडळ बुडाले तर मी काय करू?

मुलांना आशीर्वाद. लोभ आहे, त्यात उपायाची भर घालावी.

तुझा,
मनोहर

खापा
ता. २७ जानेवारी १९६७

चि. मनोहर यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. घड्याळाला किल्ली नानाजी देत असणार. ते काम तू मागून घे. सुभद्रेला मांडवात ताटकळत ठेवून दाढी करत बसलेला माणूस तू. तुझ्या हातात घड्याळ आठवडाभर चालायचे नाही. लबाडी मुळीच करू नकोस. नेहमीसारखा वाग, म्हणजे झाले.

जेवणाची हयगय नको. माया आहेच, पत्राला उशीर करू नये.

तुझी,
ताई

धरमपेठ, नागपूर
ता. २ फेब्रुवारी १९६९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला दोन वर्षे लागली, रागावू नकोस. किल्ली माझ्याकडे आल्यापासून घड्याळ कधी बुधवारी थांबते, कधी शुक्रवारी. थकलेले भाडे केव्हाच फिटले, वर सत्तर रुपये शिल्लक पडले. एकदा तर नानाजींनाही दंड झाला; चार आणे काढताना त्यांचा चेहरा बघवेना.

काल सभेत एकमताने ठराव झाला. हे घड्याळ बिघडलेले आहे, शिल्लक आहेच, तर नवे घ्यावे आणि किल्ली नानाजींकडे द्यावी.

मी कडाडून विरोध करणार होतो. पण पोचलो तेव्हा ठराव होऊन चहासुद्धा संपला होता. चार आणे भरून परत आलो.

लोभ उरला असेल तर दुसरा उपाय लवकर लिहावा.

तुझा,
मनोहर