म्हाईला चुकलेलं घर

१२ फेब्रुवारी २००४

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या पिराजीचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (डावा गुडघा अलीकडे टेकत नाही, पण पत्रात टेकतो.) तुझी तब्येत विचारायची सोय मी ठेवलेली नाही, कारण परवा तू माझ्याकडे पाठ करून चुलीकडे गेलीस तेव्हाच ती मला कळली. दाजी हंबीरराव बरे असावेत. वडापची जीप सुटेपर्यंत ते माझ्याजवळ उभे होते आणि "निवळंल, निवळंल" एवढंच दोनदा म्हणाले. सूनबाई संयोगिताला आशीर्वाद. तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि तसंच उचलून नेलं, तेव्हा तिचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली.

हे पत्र फाडणार असशील तर फाड, पण आधी वाच. एकोणनव्वदच्या म्हाईला, गावजत्रेच्या जेवणात, तुझ्या घरी मी भरल्या ताटावरून उठलो. रस्सा खारट झालाय असं तुझ्या सासरच्या वीस माणसांच्या पंगतीत मोठ्यानं म्हणालो. तू म्हणालीस, "मग बडोद्याला जाऊन ग्वाड खा जा." मीही तुझ्या घरचं पाणी पिणार नाही असं बोलून बाहेर पडलो आणि पंधरा वर्षं खरोखरच प्यालो नाही. (आपल्या घराण्यात शहाणपणाला कुणी एवढं धरून बसत नाही.) तुझ्या सासूबाईंनी मरेपर्यंत 'भावानं ताट टाकल्याली' म्हणून तुला ऐकवलं, हे मला दाजींच्या गेल्या महिन्यातल्या पत्रातून कळलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं, आता तुम्हीही म्हातारे झालात, म्हाईला या आणि टाकलेलं ताट पुरं करा. मी आलो तो तेवढ्या एकाच कामासाठी.

मंगळवारी सकाळी कोल्हापूरला उतरलो तर पहिला रिक्षावालाच म्हणाला, "पावणं, कुठं सोडू?" आता पावणं हा काही वाईट शब्द नाही, पण ज्या गावात मी सायकल शिकलो, पडलो, शाळा बुडवली, तिथं तो मला लागला. मी हितलाच हाय असं त्याला सांगितलं. त्यानं माझी बॅग, माझी कानटोपी आणि मी असं क्रमानं पाहिलं आणि हसला. शहर वाढलंय ग आक्का. पूर्वी स्टँडवर उभं राहिलं की चार ओळखीचे भेटायचे, आता चारशे माणसं अंगावरून जातात आणि सगळ्यांना घाई असते. मोबाइलवर तर कोल्हापूरचा माणूस असा बोलतो की फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं. मी गंगावेशीत गेलो. म्हशी अजून तिथं येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, हे पाहून इतका आनंद झाला की फेसाळलेला मोठा ग्लास एका दमात प्यालो. दूधवाल्याला मी हितलाच असं परत सांगितलं. तो म्हणाला, "हितलं असतासा तर ग्लास दोन्ही हातांनी धरला नसतासा." मग ते खोटं पाडायला मी दुसरा ग्लास एका हातानं प्यालो. इथून माझ्या पोटाची गोष्ट सुरू होते, म्हणून एवढं लांबण लावलं.

तुझ्या गडमुडशिंगीपर्यंत वडापमध्ये आम्ही चौदा जण होतो आणि त्यांतले निदान सहा जण माझ्या मांडीवर होते. बाहेर बघत होतो. जिथं उसाचे फड होते तिथं प्लॉटचे दगड रोवलेत. कागलच्या एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून आलेली पोरं कंपनीच्या निळ्या शर्टातच म्हाईला निघाली होती, बसल्याजागी झोपत होती. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. मी नोकरीसाठी गाव सोडून बडोद्याला गेलो. ती नोकरी करून जेवायला घरी जात होती.

दाजींनी खूण लिहिली होती, पाण्याच्या टाकीजवळ स्लॅबचं घर, निळं गेट. तुझं कौलारू घर पाडलंत हे मला माहीत होतं, पण गावात आता टाक्या दोन झाल्यात हे कोण सांगणार? मी पहिल्या टाकीपाशी गेलो. स्लॅबचं घर होतं, निळं गेट होतं, दारात एक जण हात धरून आत ओढायलाच उभा होता. (त्याचं नाव ज्ञानू, हे नंतर कळलं. मला तो तुझा थोरला वाटला. शेवटचा पाहिला तेव्हा तो चड्डीत होता.) म्हाईच्या दिवशी दारात आलेल्याला आधी जेवायला बसवायचं आणि नाव-गाव हात धुतल्यावर विचारायचं, ही आपली रीत तुला मी काय सांगू. मी विचारलं, "म्हातारी कुठाय?" तो म्हणाला, "देवळाला गेलीया, येतीया एवढ्यात. तुमी बसा की." मला वाटलं, तू मुद्दाम टाळतेयस. मनात म्हटलं, असू दे. ती परत यायच्या आत ताट असं लख्ख करून ठेवतो की तिला वेगळं काही बोलायला नको.

आक्का, मी जेवलो. सुकं मटण दोनदा घेतलं, तांबडा रस्सा तीनदा, पांढरा मोजला नाही. भाकऱ्या तिथल्या सूनबाई वाढत गेल्या आणि मी नाही म्हटलं नाही. वर साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो की मीठ कसं अगदी बरोबर पडलंय, असं मीठ पडायला हात लागतो, पंधरा वर्षांपूर्वी मी गाढव होतो. एक आजोबा समजुतीनं म्हणाले, "हुतंय, हुतंय." चव जरा वेगळी वाटली, पण म्हटलं सुनेच्या हातची असेल. मग गेट वाजलं आणि परडी घेऊन एक बाई आत आल्या. त्या चिमणाबाई होत्या, ज्ञानूची आई. त्यांनी चाटूनपुसून ठेवलेलं ताट पाहिलं, भरून पावल्या आणि म्हणाल्या, "पोटभर जेवलासा न्हवं? आता सांगा, पावणं कुठलं म्हनायचं?"

तिथून तुझं घर तीन गल्ल्या लांब. त्या तीन गल्ल्या मी कशा चाललो ते माझं मला माहीत. पोचलो तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती आणि तू न जेवता थांबली होतीस. ताट आलं. मी एक घास तोंडात घातला आणि तो आत जाईना. तू बघत होतीस. मी नुसतं तांब्याभर पाणी प्यालो. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. तुला न्हाईच जमायचं ते." आणि ताट न्यायला सांगितलंस. तुझ्या नावचं जेवण मी दुसऱ्याच्या घरी जेवून आलोय, हे त्या क्षणी कुठल्या तोंडानं सांगू? ताट टाकलं त्यापेक्षा ते वाईट वाटलं. म्हणून गप्प बसलो आणि चारच्या वडापनं निघालो. माझं पोट भरलं होतं, मनात राग नव्हता, एवढं तू मानावंस.

तुझा अपराधी,
पिराजी

ता. क. पाणी प्यालो, तेव्हा ती शपथ सुटली. हे दाजींच्या ध्यानात आलं होतं, तुझ्या आलं नसेल म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरा. वरचं सगळं घडलंय, पण कारण म्हणून ते पुरं नाही. पोट कितीही भरलेलं असलं तरी एक घास खाली गेला असता. आणि एकोणनव्वद साली रस्सा खारट नव्हता. आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. पहिला घुटका घेतला आणि तो थेट आईच्या हातचा लागला. तुझ्या सासरच्या वीस माणसांपुढे रडायची मला लाज वाटली, म्हणून मी मिठावर ढकललं आणि उठलो. परवाही तेच झालं. चिमणाबाईंकडे मी पाच भाकऱ्या खाऊ शकलो, कारण तो नुसता रस्सा होता.

ता. क. तिसरा. मी बडोद्याला गेलेलो नाही. स्टँडसमोरच्या लॉजमध्ये आहे. रविवारी दुपारी येतो, आता टाकी कळलीय. मटण नको, पंगत नको, दाजींनाही शेतात पाठव. आईसारखी नुसती आमटी कर आणि चुलीपाशी मला एकट्याला बसव. जेवताना मी रडलो तर वाढायची थांबू नकोस.