तांबड्या दिव्याबाबत

मी, एदिसन इरुरेता, वय वर्षे शहात्तर, धंदा नाटकाची प्रकाशयोजना, राहणार बार्रिओ सूर, मोन्तेविदेओ, लिहून ठेवतो की माझे डोके शाबूत आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी मुख्य गोष्ट लपवली होती.

कलम १. दोन खोल्यांचे घर बहिणीचा मुलगा विल्मार याला. अंगणातले लिंबाचे झाड तोडू नये. त्याच्या बायकोला सावलीचा त्रास होतो म्हणे. होऊ द्यावा.

कलम २. माते, म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, पिण्याचे माझे भोपळ्याचे भांडे नाट्यगृहाचा सुतार अनिबाल याला द्यायचे होते. पण नोटरीबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. मला त्याची सही हवी, सबब भांडेही विल्मारलाच.

कलम ३. दिव्यांवर लावायचे जिलेटिनचे रंगीत कागद सोरियानो रस्त्यावरच्या आमच्या नाट्यगृहाला. पहाटेला फिका गुलाबी, एकाच बाजूने. सांज करताना निळा आणायची घाई करू नये, आधी नारिंगी हळूहळू जाऊ द्यावा. खणात पिवळा कागद सापडणार नाही. रंगमंचावर पिवळे म्हणजे अपशकुन, साधा रुमाल दिसला तरी आमची नटमंडळी विंगेत परत जातात. पण आमच्या दक्षिण गोलार्धात एप्रिलमध्ये पानगळ असते, आणि तिची दुपार पिवळीच असते, त्याला काय करणार? म्हणून मी तांबडा आणि हिरवा असे दोन दिवे एकाच जागी टाकायचो. दोन्ही मिळून पिवळे ऊन पडायचे आणि कोणाला हरकत घेता यायची नाही.

कलम ४. हे कलम लिहायला मला अठ्ठावीस वर्षे लागली.

१९९१ साली आमच्या एका नाटकात नोएमी कासारेतो त्या उन्हात खिडकीशी बसून पत्र वाचायची. लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतले. वर्तमानपत्रवाल्याने तिला विचारले, हे ऊन कोणाचे? ती हसून म्हणाली, "आमचा वायरमन आहे ना, एदिसन, त्याचं."

वायरमन! ते कात्रण मी आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो. मग तांबड्या दिव्याचा उजेड कमीजास्त करायची मूठ रोज केसभर खाली घेऊ लागलो. केसभरच, त्यामुळे रोज बघणाऱ्या कोणाच्या लक्षात आले नाही. तीन आठवड्यांत त्या उन्हात हिरवा वरचढ झाला आणि नोएमीचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसू लागला. विंगेत कुजबुज सुरू झाली, "नोएमी किती उतरली, नाही?" दिग्दर्शकाने पुढच्या नाटकात तिला आजीचे काम दिले.

एका दुपारी ती शिडी चढून माझ्यापाशी आली.

"एदिसन, खरं सांग, उजेडात काही बदललंस का?"

"उजेड तोच आहे, बाई. बाकीचं आरशाला विचार."

ती शिडी उतरून गेली. महिनाअखेर तिने नाटक सोडले आणि दुरास्नोला जाऊन लोकरीचे दुकान घातले. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि सुंदर होती. मी शपथेवर लिहितो की तिच्या चेहऱ्याला काहीही झाले नव्हते. तो मी खराब केला, एका शब्दाच्या रागापायी. मला स्वतःची लाज वाटते. त्यानंतर मी पानगळ कधीच केली नाही, कोणाही नाटकात.

कलम ५. ते दोन दिवे नोएमीच्या नावे करायचे, आणि वरचे कलम माझ्या पश्चात तिला वाचून दाखवावे, असा माझा बेत होता. अनिबालला सांगितले, तर तो रंधा ठेवून माझ्यावर खेकसला.

"मेल्यावर माफी मागतोस होय रे? चांगली सोय बघितलीस! तिनं शिव्या कुणाला द्यायच्या, थडग्याला?"

त्याचे म्हणणे खरे आहे. म्हणून नोएमीला मी काहीही ठेवत नाही. दिवे नाट्यगृहातच राहावेत. मला तिची साक्ष हवी आहे. हा कागद उद्याच्या बसने दुरास्नोला जाईल. सही करायची की फाडून टाकायचा, ही तिची मर्जी.

मोन्तेविदेओ, ९ एप्रिल २०१९
(सही) एदिसन इरुरेता

साक्षीदार पहिला: अनिबाल पिरिस, सुतार. समक्ष सही झाली. भांड्यावर पाणी सोडले आहे.

साक्षीदार दुसरी: नोएमी कासारेतो, दुरास्नो, १६ एप्रिल. सगळे वाचले. वायरमन, माफी नाही. शनिवारी दुपारी नाट्यगृहात येते. तांबडा दिवा पूर्ण चढवून ठेव.